‘चार्ज’चे सहा अर्थ पाठ करायचे का?

खानापूर तालुक्यातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झाली, आता बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. इंग्रजी शब्दाचा एक अर्थ पाठ करावा, तर पुढच्या पानावर तोच शब्द भलत्याच अर्थानं येतो. फिजिक्समधला ‘चार्ज’ वेगळा, पेपरातला लाठीचार्ज वेगळा, पासबुकातला सर्व्हिस चार्ज वेगळा. यामागे काही रीत आहे, की सगळं घोकायचंच? आणि जोडप्रश्न: इंग्रजीतले निम्मे शब्द मूळचे संस्कृत-मराठीच आहेत असे मेसेज फिरतात, त्यात खरं किती?

माझी उमेदीची वर्षं बेळगावात पीयूच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेली. त्यातली बरीचशी खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणीकडच्या मराठी शाळांतून आलेली. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे. थेट उत्तर असं, की रीत आहे. पण आधी एक गोष्ट तपासावी लागते. समोर आहे तो एकच शब्द असून त्याचे अर्थ एकातून एक वाढत गेलेत, की एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन-तीन शब्द योगायोगानं एकाच स्पेलिंगमध्ये येऊन बसलेत? पहिल्या जातीचे अर्थ समजून घेता येतात. दुसऱ्या जातीत समजण्यासारखं काही नसतं, ते वेगवेगळे शब्द म्हणूनच लक्षात ठेवायचे. मुलांचा गोंधळ बहुतेक वेळा या दोन जाती एकत्र कालवल्यामुळे होतो.

‘चार्ज’ पहिल्या जातीचा, आणि त्यातलाही फार सुरेख नमुना. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे माल वाहायची गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, केल्ट लोकांकडून घेतला. त्यावरून ‘कारिकारे’, म्हणजे गाडी भरणं, गाडीवर ओझं लादणं. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि ‘चार्ज’ झाला. ऊस भरून कारखान्याकडं निघालेली गाडी रोज बघणाऱ्या मुलीला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट नाहीत. आता फक्त ‘लादणं, भरणं’ एवढंच धरून पुढं चला. बंदुकीत दारू ठासली, तो चार्ज. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज साठवली, तेव्हा बंदुकीसारखीच बरणीही ‘भरली’ असं म्हणू लागले. तिथून फिजिक्सचा चार्ज, आणि पुढं मोबाईलचं चार्जिंग. हत्यार भरून, रोखून चाल करून जाणं हाही चार्ज, तोच लाठीच्या पुढं जोडून आपल्या पेपरात आला. माणसावर कामाचं ओझं टाकलं की तो इनचार्ज. पैशाचं टाकलं की सर्व्हिस चार्ज. गुन्ह्याचं टाकलं की चार्जशीट. सहाही अर्थ जागेवर बसले, पाठांतर कुठंच नाही.

त्याच गाडीवरून ‘कार्गो’, म्हणजे जहाजावर लादलेला माल. त्याच गाडीवरून ‘करिअर’, कारण फ्रेंचमध्ये तो शब्द आधी शर्यतीच्या मैदानाला होता. ‘कॅरिकेचर’सुद्धा तिथलंच. इटालियनमध्ये चित्रावर प्रमाणाबाहेर ओझं लादलं, नाक आहे त्याच्या दुप्पट केलं, की ते कॅरिकेचर.

मराठी शाळेतल्या मुलीला ही रीत परकी नाहीच. आपल्या ‘भार’चं बघा. साहेबांनी कार्यभार घेतला, पदभार सोडला, अमुक प्रभारी आहेत, विद्युतप्रभार, भारनियमन, आणि उपकाराचं ओझं वाटलं की आभार. इंग्रजीनं ‘चार्ज’चं जे केलं तेच मराठीनं ‘भार’चं केलं, दोघांनी एकमेकांना न विचारता. मी वर्गात ‘चार्ज’ शिकवायचो ते फळ्यावर एका बाजूला ‘भार’ लिहूनच. ज्या मुलांचं कन्नड पक्कं असे त्यांना कन्नडमधला शब्द शोधायला सांगत असे. सीमाभागातल्या मुलांना तीन भाषांचं ओझं आहे म्हणून सगळे हळहळतात, पण शब्दार्थ शिकताना हीच मुलं पुढं जातात, कारण एकाच वस्तूकडं तीन खिडक्यांतून बघायची त्यांना लहानपणापासून सवय असते.

पहिल्या जातीचे आणखी दोन सांगतो. ‘फाईन’ म्हणजे दंड, आणि ‘फाईन’ म्हणजे छान. मुलं हसतात, की दंड भरायला लागला तर छान कसं? दोन्हींचं मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. पैसे भरून प्रकरणाचा शेवट केला, तो दंड. काम शेवटाला नेलं, हात फिरवून पूर्ण केलं, ते फाईन. देणं चुकतं करून शेवट करणं यावरूनच ‘फायनान्स’ आला. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल हे तिघंही एकाच घरातले: लॅटिन ‘होस्पेस’, म्हणजे पाहुणाही आणि यजमानही. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहाची टपरीसुद्धा. उसना घेतलेला शब्द नव्या गावात नवा अर्थ घेतोच. इंग्रजांचं ‘मटन’ मेंढीचं असतं, आपलं मटण बोकडाचं.

‘चेक’वर मात्र थोडा वेळ काढावा असाच तो शब्द आहे. निपाणीहून कोल्हापूरला जाताना हायवेवर कोगनोळीचा चेकपोस्ट लागतो. खिशात चेकबुक असतं, अंगात चेक्सचा शर्ट. हे तिन्ही ‘चेक’ पटावरच्या राजापासून निघालेत. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की ‘शाह’ असं ओरडायचे. अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशा वळणांनी त्याचा इंग्रजीत ‘चेक’ झाला. राजा अडला, म्हणून अडवणं म्हणजे चेक. अडवून बघणं, तपासणं म्हणजे चेक. पटासारखे चौकोन म्हणून कापडावरचे चेक्स. इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटीच्या कापडावर सोंगट्या ठेवून होत असे, म्हणून तिथलं खजिन्याचं खातं ‘एक्स्चेकर’. बँकेचा चेक आधी लबाडी अडवण्यासाठी ठेवलेली प्रत होती, आणि त्याचं ‘क्यू’ असलेलं ऐटबाज स्पेलिंग एक्स्चेकरच्या प्रभावानं आलं.

आणि तोच राजा मराठीत फारसीकडून थेट आला. शह देणं, शह-काटशह. ‘मात करणं’मधली मातसुद्धा त्याच पटावरची. इंग्रजांचं ‘चेकमेट’ आणि आपलं ‘शह-मात’ हे एकच वाक्य आहे, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेलं.

आता दुसरी जात. चेकपोस्टमधला ‘पोस्ट’च घ्या. पोस्ट ऑफिस, नोकरीतली पोस्ट आणि पहाऱ्याची पोस्ट यांचं मूळ एक: लॅटिनमध्ये ‘ठेवलेलं, नेमलेलं’. टपाल नेणारे घोडेस्वार ठरावीक अंतरावर नेमलेले असत, म्हणून टपाल म्हणजे पोस्ट. पण फुटबॉलचा गोलपोस्ट, म्हणजे खांब, हा निराळा शब्द, लॅटिन ‘पोस्टिस’वरून आलेला. आणि पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीतला ‘पोस्ट’ म्हणजे नुसतं ‘नंतर’. इथं एका धाग्यात सगळं ओवायला गेलात तर डोकं फिरेल.

असे शब्द सायन्सच्या मुलांना पदोपदी भेटतात. ‘मीन’चे तीन. ‘अर्थ असणं’ या मीनचं मूळ जुन्या इंग्रजीत. स्टॅटिस्टिक्समधला सरासरीचा मीन लॅटिन ‘मेदिआनुस’वरून, म्हणजे मधला, आणि आपल्या ‘मध्य’शी त्याचं नातं आहे. कोत्या मनाचा तो मीन, तो पुन्हा जुन्या इंग्रजीतला, पण वेगळा: आधी त्याचा अर्थ ‘सगळ्यांच्या सामाईकीचं’ असा होता, मग सामान्य, मग हलका, मग क्षुद्र. ‘मॅच’चे दोन. खेळाचा आणि जोडीचा मॅच हा ‘जोडीदार’ या जुन्या शब्दावरून आला. काडेपेटीतला मॅच फ्रेंचमधल्या वातीवरून. ‘डेट’चेही दोन. तारखेचा डेट लॅटिन ‘दाता’वरून, म्हणजे दिलेली. रोमन लोक पत्रात ‘अमुक दिवशी रोमहून दिलं’ असं लिहीत. ‘डेटा’सुद्धा तोच, दिलेली माहिती, आणि आपला ‘दत्त’ त्याच धातूचा. खजूर म्हणजे डेट, तो ग्रीकमधल्या बोटावरून. ‘स्कूल’ म्हणजे शाळा, ग्रीकमध्ये मूळ अर्थ फुरसत (विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडं संशयानं बघत). माशांच्या थव्यालाही स्कूल म्हणतात, पण तो डच शब्द, शाळेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘लाईट’ मला फार आवडतो. उजेड आणि हलकं, हे दोन मुळात वेगळे शब्द. उजेडाचा लाईट संस्कृत ‘रुच्’ धातूचा भाऊबंद, चमकणं. वजनाला हलका तो लाईट ‘लघु’चा. जुन्या इंग्रजीतच दोघांचे उच्चार घासून घासून सारखे झाले.

हे असं का होतं, तेही मुलीला सांगा. मराठीतही होतं. माळावर गुरं सोडली आणि गळ्यात माळ घातली. पण आपण म्हणतो तो माळ आणि ती माळ. लिंग दोन शब्दांना वेगळं ठेवतं. जुन्या इंग्रजीत तीन लिंगं होती, शब्दांना लांब-लांब प्रत्यय होते. काळाच्या ओघात लिंगं गेली, प्रत्यय झडले, उरले ते एका अवयवाचे बुटके शब्द, आणि ते एकमेकांवर आदळायला लागले. त्यात १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात फ्रेंच चालली. फ्रेंच शब्दांची पोतीच्या पोती इंग्रजीत रिकामी झाली. गोठ्यात राबणारा शेतकरी जनावराला इंग्रजीत ‘काऊ’, ‘शीप’ म्हणत राहिला, आणि ताटावर बसलेल्या साहेबाच्या भाषेतून ‘बीफ’, ‘मटन’ आले.

‘लीव्ह’ हाही दोन शब्दांचा. सोडून जाणं हा एक. रजा हा दुसरा, आणि त्याचा मूळ अर्थ परवानगी. आपली ‘रजा’ तरी काय? अरबी-फारसीतून आलेली, मूळ अर्थ संमती, परवानगी. जुन्या मराठीत पाहुणा ‘रजा घेऊन’ निघायचा. मुलीला लीव्ह अॅप्लिकेशन लिहायचं असेल तर ती हेडमास्तरांकडं सुट्टी मागत नसते, जाण्याची परवानगी मागत असते. मग ‘ग्रँट मी लीव्ह’ हे वाक्य आपोआप बरोबर बसतं.

सायन्सची मुलगी आहे म्हणून आणखी दोन शब्द. ‘सेल’ लॅटिन ‘सेला’वरून, म्हणजे छोटी खोली. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकातून बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात खणच खण दिसले, म्हणून त्यानं त्यांना सेल म्हटलं. तुरुंगाची कोठडी, बॅटरीचा सेल, शरीरातली पेशी, मोबाईलचं क्षेत्र, सगळ्या खोल्याच.

दुसरा त्रिकोणमितीतला ‘साईन’. याची कथा तुमच्या जोडप्रश्नापर्यंत घेऊन जाते. आर्यभटांच्या परंपरेत या राशीला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो शब्द तसाच उचलला, ‘जीबा’. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुतेक गाळतात, त्यामुळे नंतरच्या वाचकांनी तीच अक्षरं ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे कपड्याची घडी, कुशी, खोबण. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या खोबणीला ‘सायनस’ हा लॅटिन शब्द घातला. झाला साईन. सर्दीत दुखतो तो सायनस आणि वहीतला साईन थीटा एकच शब्द आहेत. मूळ संस्कृत ‘जीवा’चा एक आवाजही त्यात उरलेला नाही, पण पूर्वज खरा आहे.

म्हणजे जोडप्रश्नाचं उत्तर: काही शब्द खरोखर आपल्याकडून गेले, काही आपले भाऊबंद आहेत, आणि बाकीचे बहुतेक मेसेज कचरा.

भाऊबंद म्हणजे काय ते आधी. मदर–मातृ, टू–द्वि, डोअर–द्वार, काऊ–गो. यातला कुठलाही शब्द संस्कृतमधून इंग्रजीत गेलेला नाही. दोन्ही भाषा एका फार जुन्या भाषेच्या मुली. १७८६ मध्ये विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हे नातं जाहीरपणे मांडलं, आणि पुढं भाषाशास्त्रज्ञांनी त्याचे नियम काढले. संस्कृतमध्ये ‘प’ असेल तिथं इंग्रजीत ‘फ’ सापडतो: पितृ–फादर, पाद–फूट. ‘द’ असेल तिथं ‘ट’: दश–टेन, दंत–टूथ. उसने घेतलेले शब्द असे रांगेत बदलत नाहीत. म्हणून मेसेजमध्ये दोन शब्द नुसते कानाला सारखे लागले तर हुरळून जाऊ नका, नात्याला नियम लागतो. हाच नियम कधीकधी कानाला न पटणारं नातंही दाखवतो: ‘भार’चा धातू भृ आणि इंग्रजीतला वाहून नेण्याचा ‘बेअर’ हे सख्खे. ‘चार्ज’ आणि ‘भार’ मात्र एकमेकांचे कुणीच नव्हेत, अर्थ कितीही जुळले तरी.

खरोखर गेलेल्या शब्दांत बेळगाव जिल्ह्याला सगळ्यात जवळचा ‘शुगर’. संस्कृतमध्ये ‘शर्करा’ म्हणजे मूळात खडे, वाळूचे कण, मग साखरेचे दाणे. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, लॅटिन-फ्रेंचमधून इंग्रजीत शुगर. इकडं तोच शब्द प्राकृतातून मराठीत साखर, कन्नडमध्ये सक्करे. आणि ‘जॅगरी’? गुळाचा हा इंग्रजी शब्द पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावरून उचलला, तिथल्या ‘चक्करा’वरून, जी पुन्हा शर्कराच. म्हणजे कारखान्यातली साखर आणि गुऱ्हाळातला गूळ, दोघांचीही इंग्रजी नावं एकाच संस्कृत शब्दाची. ‘कँडी’सुद्धा आपल्या ‘खंड’ची, फारसी-अरबीतून फिरून आलेली.

उलट ‘पोटॅटो’ आपला नाही आणि ‘बटाटा’ही नाही. कॅरिबियन बेटांवर ‘बटाटा’ म्हणजे रताळं. स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी शब्द आणला. इंग्रजीतही पोटॅटो आधी रताळ्यालाच म्हणत, मग दक्षिण अमेरिकेतून दुसरा कंद आला आणि नाव त्याच्याकडं सरकलं. आपल्याकडं गोव्यातून पोर्तुगीज ‘बटाटा’ घाट चढून वर आला. बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याची आणि बटाट्याची पोती शेजारी-शेजारी पडलेली असतात, त्यातल्या एकाचं नाव दुसऱ्याचं आहे.

सुपारीचा इंग्रजी शब्द ‘अरेका’. तोही पोर्तुगीजांमार्फत मल्याळममधून, आणि कन्नड ‘अडके’ त्याचाच भाऊबंद. मराठीतला ‘अडकित्ता’ म्हणजे कन्नड ‘अडके’ आणि ‘कत्तरी’. पानाच्या डब्यातला अडकित्ता आणि बॉटनीच्या पुस्तकातला अरेका असे नात्यात निघतात, हे सांगितलं की सीमाभागातली मुलं खूश होतात.

‘मंगूस’ मराठी मुंगसावरून गेला असं इंग्रजी कोश सांगतात. कन्नड शेजारी म्हणतील, आमचं ‘मुंगुसी’ काय वाईट आहे? मी या वादात पडत नाही, बेळगावात आधीच पुरेसे वाद आहेत. फक्त त्याचं अनेकवचन ‘मंगूसेस’ करायचं, ‘मंगीस’ नव्हे, कारण शेवटचा ‘गूस’ हा बदकाच्या जातीतला गूस नाही. ‘टँक’मध्ये आपल्या ‘टाकी’चा आणि गुजरातीचा वाटा मानतात, जोडीला पोर्तुगीज ‘तांके’ची सरमिसळ. कर्नाटकातल्या सरकारी इंग्रजीत अजून तलावाला टँक म्हणतात. रणगाड्याचं नाव मात्र थापेतून पडलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे वाहन गुप्तपणे बनत होतं, तेव्हा बाहेर कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनतायत असं सांगितलं. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा उतरलं, गुपित संपलं, नाव राहिलं.

कचऱ्यात काय टाकायचं? ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ, हे खोटं. ते ‘न्यू’चं अनेकवचन आहे, नवं-जुनं मधलं नवं. हॉटेलातल्या ‘टिप’ची म्हणून जी आद्याक्षरं सांगतात तीही मागाहून जुळवलेली. साधारण नियम असा, की विसाव्या शतकाआधीच्या शब्दाची फोड कुणी आद्याक्षरांनी केली तर विश्वास ठेवू नये. ‘सॅलरी’चा संबंध मिठाच्या लॅटिन शब्दाशी आहे, पण रोमन शिपायांना पगार म्हणून मिठाची पोती वाटत, याला पुरावा नाही. आपला ‘पगार’ पोर्तुगीज आहे, ‘पगार’ म्हणजे देणं, तिथं मीठ लागत नाही.

एक धोका सांगून ठेवतो, कारण व्युत्पत्तीची गोडी लागली की हुशार मुलं हमखास त्यात अडकतात. मूळ अर्थ कळला म्हणजे आजचा अर्थ कळला असं नाही. ‘नाईस’ लॅटिनमध्ये ‘अडाणी’ होता, इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ म्हणून, मग चोखंदळ, मग अठराव्या शतकात छान. ‘सिली’ आधी ‘सुखी, पुण्यवान’ होता, मग भोळा, मग बिचारा, मग बावळट. आपल्याकडं सम्राट अशोक स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवत असे. रायचूर जिल्ह्यात मस्कीला १९१५ मध्ये जो शिलालेख सापडला, त्यात या बिरुदाच्या जोडीला अशोकाचं नावही आहे. नंतरच्या संस्कृतात ‘देवानांप्रिय’ ही शिवी झाली, अर्थ मूर्ख. आणि ‘राग’? त्याचा मूळ धातू ‘रंगवणं’ या अर्थाचा. त्यातून रंग, मग आसक्ती. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी गायला तो राग, आणि बांधावरून भांडणाऱ्या भावकीला येतो तोही राग. पेपरात उत्तर लिहिताना आजचा अर्थच लिहायचा. व्युत्पत्ती लक्षात ठेवायला, मार्कांना नव्हे.

आता कामाचं. घरात एक इंग्रजी कोश असा ठेवा ज्यात नोंदीच्या शेवटी शब्दाचं मूळ दिलेलं असतं. अशा कोशांत वेगळ्या मुळांचे शब्द वेगळ्या नोंदींत असतात आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक आकडा असतो. ‘डेट’ला दोन आकडे, म्हणजे दोन शब्द. ‘चार्ज’ एकाच नोंदीत, खाली अर्थांची लांबलचक रांग, म्हणजे एक शब्द. वर सांगितलेल्या दोन जाती ओळखायला एवढा आकडा पुरतो. त्या रांगेत पहिला दिलेला अर्थ सगळ्यात जुना असेलच असं नाही, आजकालचे कोश जास्त चालणारा अर्थ आधी देतात. म्हणून आधी तळाचं मूळ वाचायचं, मग वर यायचं. मोबाईलवरच्या भाषांतराच्या अॅपमध्ये हे काहीच दिसत नाही, तिथं सगळे अर्थ एकाच ढिगात पडलेले असतात.

वहीत शब्दापुढं अर्थांची यादी करायची नाही. पहिल्या जातीचा असेल तर मूळ चित्र मराठीत एका ओळीत (‘गाडीवर लादणं’), आणि खाली तिच्याच फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पुस्तकातली दोन वाक्यं, पेपरातलं एक. दुसऱ्या जातीचा असेल तर प्रत्येक शब्दाला वेगळं पान. हो, वेगळं पान. एका पानावर लिहिले की मेंदू त्यांची सांगड घालायला बघतोच.

आणि एका जागी हे सगळं कुचकामी ठरतं, तेही सांगायला हवं. ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’, ‘पुट’ हे छोटे क्रियावाचक शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी नव्यानं काम केलं तेव्हा एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ साडेसहाशेच्या आसपास भरले. तिथं मूळ ‘धावणं’ आहे हे कळून ‘रन आऊट ऑफ’ म्हणजे संपणं आणि ‘रन इंटू’ म्हणजे अचानक भेटणं हे सुटत नाही. असे शब्द पुढच्या ‘आऊट’, ‘इंटू’, ‘अप’सकट अख्खे उचलायचे, पूर्ण वाक्यात, मोठ्यानं वाचून. रोज चार वाक्यं केली तरी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बरीच मजल जाते. त्यांना कोशात शोधण्यात तिनं वेळ घालवू नये, तो वेळ ‘मीन’ आणि ‘सेल’सारख्यांना द्यावा, कारण ते तिच्या सायन्सच्या पेपरात येणारच आहेत.